बोटीवरून उतरलेली माणसे

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

दरवर्षी ७ डिसेंबरला आपल्या महाविद्यालयात एन.सी.सी.ची मुले ध्वजदिनाचे छोटे कागदी झेंडे घेऊन वर्गावर्गातून फिरतात. आपण पाच-दहा रुपये डब्यात टाकतो, झेंडा खिशाला लावतो आणि दुपारपर्यंत तो कुठेतरी पडूनही जातो. गेल्या वर्षी मी दोन झेंडे घेतले. एक मला आणि एक घरी आजोबांसाठी. आजोबांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, नीट घडी करून चष्म्याच्या पेटीत ठेवला आणि म्हणाले, "हा लष्कराचा. आमचा कधी आणशील?"

मला वाटले, थट्टा करताहेत. आमचे आजोबा आयुष्यभर बोटीवर होते. कोकणात 'बोटीवर' एवढे म्हटले की पुरते. कोणती बोट, कुठली कंपनी, हे कोणी विचारीत नाही. खलाशी म्हणून १९६६ साली ते मुंबईहून पहिल्या बोटीवर चढले आणि २००३ साली टंडेल म्हणून उतरले. मी म्हटले, "तुमचा कसला झेंडा, आजोबा?" तर म्हणाले, "असतो. एप्रिलात. पंतप्रधानांच्या कोटाला लावतात."

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात शोधले, तर म्हातारा खरे बोलत होता. ५ एप्रिल हा आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून १९६४ पासून पाळला जातो. १९१९ साली याच दिवशी 'एस. एस. लॉयल्टी' ही सिंधिया कंपनीची बोट मुंबईहून विलायतेला निघाली. परदेशी कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान देऊन भारतीय मालकीच्या कंपनीने केलेली ती धाडसाची सफर. त्या कंपनीच्या उभारणीत आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा मोठा वाटा होता, हे आपण शाळेत एका ओळीत शिकलो आहोत. या दिवसाच्या आधीचा आठवडा, ३० मार्चपासूनचा, व्यापारी नौदलाचा म्हणून साजरा होतो आणि त्यात पंतप्रधानांना खरोखरच छोटा झेंडा लावतात. म्हणजे दिल्लीला हा झेंडा ठाऊक आहे. ठाऊक नाही तो आपल्याला, ज्यांच्या गावांतून ही माणसे बोटीवर गेली.

या विषयावर लिहावे असे मात्र झेंड्यामुळे वाटले नाही. वाटले ते घरपट्टीमुळे. तो प्रसंग सांगते.

२०२० साली राज्य शासनाने माजी सैनिकांच्या घरांना मालमत्ता कर माफ केला. गावात ही बातमी पसरायला वेळ लागला आणि पसरली तेव्हा अर्धवट पसरली. कोणीतरी आजोबांना सांगितले, "तुम्ही नेव्हीत होतात ना? मग तुमची घरपट्टी माफ." आजोबांना आशा वाटली की नाही, कोण जाणे, पण सकाळी उठून त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवायला सांगितली. तिच्यात त्यांचे सी.डी.सी. असते. सी.डी.सी. म्हणजे खलाशाच्या नोकरीची सरकारी नोंदवही. कोणत्या बोटीवर कधी चढला, कधी उतरला, वर्तणूक कशी, सारे तिच्यात शिक्क्यांनिशी. ती भरली की दुसरी मिळते. आजोबांच्या अशा तीन वह्या आहेत. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, धुतलेला सदरा घालून ते आणि मी कार्यालयात गेलो.

तिथल्या कारकुनाबद्दल माझी तक्रार नाही. त्याने आजोबांना बसायला खुर्ची दिली, तिन्ही वह्या चाळल्या. रॉटरडॅम, योकोहामा, मोंबासा हे शिक्के पाहून त्याला गंमतही वाटली असावी. शेवटी तो म्हणाला, "आजोबा, हे नेव्हीचं नाही. हे मर्चंटचं आहे. यात बसत नाही." आजोबा म्हणाले, "बरं." वह्या पिशवीत घातल्या आणि उठले. एस.टी.त बसल्यावर कंडक्टरने आजोबांचे कार्ड पाहून बिनपैशाचे तिकीट फाडून दिले. पंचाहत्तरी उलटलेल्यांना २०२२ पासून एस.टी. फुकट आहे. सदतीस वर्षे दर्यावर काढलेल्या माणसाला सरकारकडून मिळालेली ही एवढीच सवलत, आणि तीही म्हातारपणाची. ती दर्यावर न गेलेल्यालाही मिळते.

आता कारकून चूक होता का? मुळीच नाही. कायद्याने तो अगदी बरोबर होता. सैनिक हा राष्ट्राचा नोकर, खलाशी हा कंपनीचा. सैनिक हुकमावर मरायला बांधलेला, खलाशी करारावर. सैनिकाला निवृत्तिवेतन, दवाखाना, कँटीन, प्रत्येक जिल्ह्यात त्याच्यासाठी सैनिक कल्याण कार्यालय. हे सारे त्याला मिळायलाच हवे आणि त्यातले एक वीटभरही काढून आम्हांला द्या असे मी म्हणणार नाही. पण कायदा बरोबर असूनही आजोबांचे ते 'बरं' माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हापासून मी या प्रश्नाचा जमेल तसा पिच्छा पुरवला आहे.

पहिली गंमत शब्दाचीच. इंग्रज आपल्या खलाशाला 'लास्कर' म्हणत. हा शब्द कुठून आला? आपल्या 'लष्कर' या फारसी शब्दावरून, पोर्तुगीजांच्या तोंडून जाऊन. म्हणजे ज्या माणसाला लष्करात धरत नाहीत त्याचे नावच लष्कर! आणि 'मर्चंट नेव्ही' हे नावही असेच. पहिल्या महायुद्धात व्यापारी बोटींवरच्या माणसांनी जे सोसले त्याची जाणीव म्हणून इंग्लंडच्या राजाने १९२८ साली आपल्या युवराजाला 'मर्चंट नेव्हीचा मास्टर' ही पदवी दिली. 'नेव्ही' हा शब्द त्यांना सन्मान म्हणून मिळालेला आहे. आज तोच शब्द कार्यालयात घोटाळा करतो आणि म्हाताऱ्या माणसाला परत पाठवतो.

ते जे सोसले, त्यात आपली माणसे किती होती? दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवर सुमारे पन्नास हजार हिंदी खलाशी होते, म्हणजे चारांत एक. यांत रत्नागिरीकडचे खलाशी आणि सारंग होते, गोव्याचे भंडारी आणि कारभारी नोकर होते, पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले होते, सिल्हेटचे होते. आगवाला म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. टॉर्पेडो बसतो तो बहुधा पाण्याखाली, म्हणजे आगवाला उभा असतो तिथेच. या माणसांचा पगार गोऱ्या खलाशाच्या चौथाईच्या आसपास होता. १९३९ साली युद्ध जाहीर होताच त्यांनी विलायतेच्या बंदरांत संप केले, काही तुरुंगात गेले, पण पगार वाढवून घेतले. मुंबईच्या खलाशांच्या संघटनेचे काम करणारे दिनकर देसाई यांनी १९४० साली सागरी कामगारांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. कन्नडमध्ये त्यांची कीर्ती चार ओळींच्या कवितांसाठी आहे. खलाशांसाठी त्यांनी काय केले हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

मारले गेले त्यांचे काय झाले? गोऱ्या खलाशांची नावे लंडनला टॉवर हिलच्या स्मारकावर कोरली आहेत. आपल्या माणसांचे स्मारक मुंबईतच आहे. मस्जिद बंदरला, पी. डिमेलो रस्त्याच्या टोकाला, खलाशांच्या वसतिगृहात. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक माणसांसाठी ते उभारले. दुसऱ्या महायुद्धातल्या खलाशांची नोंद मुंबई आणि चितगाव या दोन ठिकाणी ठेवली आहे. त्यात व्यापारी बोटींवरचे हिंदी खलाशी सहा हजारांच्या घरात आहेत. सहा हजार! आपल्या तालुक्यातल्या कित्येक गावांची सारी वस्ती मिळून एवढी होणार नाही. आजोबा त्याच वसतिगृहात किती वेळा राहिले, बोटीची वाट पाहत. मी विचारले, "तिथलं स्मारक पाहिलंत?" म्हणाले, "असेल. आम्ही रोज सकाळी नंबर लागला का ते बघायला जायचो. नावं वाचायला कोणाला वेळ?"

हा 'नंबर' समजून घेतल्याशिवाय खलाशाची नोकरी समजत नाही. आपल्याला वाटते, बोटीवर गेला म्हणजे नोकरी लागली. तसे नाही. खलाशाची नोकरी प्रत्येक सफरीगणिक नव्याने लागते आणि बोटीवरून उतरला की सुटते. पूर्वी हे काम देण्याचा अधिकार घाटसारंगाच्या हातात असे. त्याला पैसे चारल्याशिवाय बोट मिळत नसे. माझ्या पणजोबांनी एका बोटीसाठी दोन महिन्यांचा पगार आधीच देऊन टाकला होता, असे आजी सांगते. काम मिळवून देण्याचा असा धंदा करू नये, असा ठराव जिनोआच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत १९२० सालीच झाला होता. पण आपल्याकडे सरकारी सीमेन्स एम्प्लॉयमेंट ऑफिस येऊन नंबराची पद्धत रुजायला स्वातंत्र्य उजाडावे लागले. या पद्धतीने लाच कमी झाली, पण वाट पाहणे राहिले. आजोबा आठ-नऊ महिने बोटीवर आणि मग कधी चार महिने, कधी वर्ष नंबराच्या प्रतीक्षेत. या काळात पगार नाही. मुंबईत गावच्या खोलीवर एका पथारीएवढी जागा आणि खानावळीचे जेवण. गोव्याच्या खलाशांचे 'कूड' धोबी तलावच्या बाजूला असत, तशीच आमच्या गावांच्या खोल्या डोंगरी, माझगावकडे.

इथे कोणी म्हणेल, आणि माझा वर्गमित्र कँटीनमध्ये म्हणालाच, "अगं, बोटवाले काय गरीब असतात? गावात पहिला टेपरेकॉर्डर कोणाच्या घरी आला? पहिली स्लॅबची घरं कोणाची?" हे खरे आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. बोटवाला सुट्टीवर आला की गावात अत्तराचा वास आणि नायलॉनच्या साड्या. जपानी घड्याळ त्याच्या मनगटावर आधी दिसले. आजच्या बोटींवरच्या अधिकाऱ्यांचे पगार तर ऐकून आपल्या प्राध्यापकांनाही नोकरी बदलावीशी वाटेल (सर, क्षमा करा). अशा कॅप्टनसाहेबाला घरपट्टी माफ करा असे मी म्हणणार नाही. त्याने ती खुशाल भरावी.

पण बोटीवर अधिकारी किती आणि खलाशी किती? घड्याळ आणले तो खलाशी होता, पण ते घड्याळ वर्षभरात नंबर लागेना तेव्हा विकले गेले, हेही गावाने पाहिले आहे. फक्त ते लक्षात राहिले नाही. निवृत्तीच्या वेळी आजोबांना प्रॉव्हिडंट फंडाची एकरकमी रक्कम मिळाली. नाविकांचा प्रॉव्हिडंट फंड १९६६ च्या कायद्याने आला आणि जुलै १९६४ पासून लागू झाला, त्यामुळे आजोबांची सारी नोकरी त्यात धरली गेली. ही मोठीच गोष्ट. त्याआधी उतरलेल्या पिढीला एवढेही नव्हते. पण एकरकमी पैसा आमच्यासारख्या घरात कसा जातो, हे मी वेगळे सांगायला नको. आत्याचे लग्न, घराचे छप्पर, काकांची रिक्षा. दोन वर्षांत पेटीत फक्त वह्या उरल्या. शेजारी निवृत्त हवालदार आहेत. त्यांनाही छप्पर करावे लागले, मुलीचे लग्न करावे लागले. पण त्यांच्या खात्यात दर महिन्याच्या अखेरीस पेन्शन जमा होते. दोघे एकाच वयाचे, दोघांचे गुडघे सारखेच दुखतात. हवालदारकाकांचे औषध आजवर कधी चुकलेले नाही. आजोबांचे माझे बाबा हातात पैसे असतील त्याप्रमाणे आणतात.

वर्गमित्राचा दुसरा मुद्दा अधिक अवघड होता. "मग गिरणी कामगारांनी काय घोडं मारलं? एस.टी.च्या ड्रायव्हरनं? मच्छीमारांनी? प्रत्येकाला सन्मान आणि सवलत द्यायची तर सरकारनं दुकान काढावं." यावर मी बराच विचार केला. अर्धे उत्तर असे की गिरणी कामगारांनाही द्यावे. १९८२ च्या संपात उद्ध्वस्त झालेल्या त्या माणसांनी भांडून निदान घरांची सोडत तरी मिळवली. एकाला मिळत नाही म्हणून दुसऱ्यालाही नको, हा न्याय मला कळत नाही.

उरलेले अर्धे उत्तर असे आहे. खलाशाच्या नोकरीत एक गोष्ट अशी आहे जी गिरणीत नाही, ड्रायव्हरच्या नोकरीतही नाही. दोन देशांचे भांडण जुंपले की तिसऱ्याच देशाचा खलाशी त्यात सापडतो. आजोबांनी हे तीनदा पाहिले. १९६७ च्या जूनमध्ये सुवेझ कालवा बंद झाला तो आठ वर्षांनी, १९७५ साली उघडला. त्यांची बोट आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. सफर लांबली, घर लांबले. पुढे इराण-इराकचे युद्ध. १९८४ ते १९८८ या काळात इराणच्या आखातात चारशेहून अधिक व्यापारी बोटींवर हल्ले झाले. आजोबा तेव्हा त्या पाण्यात होते. रात्री डेकवर दिवा लावायचा नाही, विडीसुद्धा पेटवायची नाही, लाइफजॅकेट उशाशी घेऊन झोपायचे. "भीती वाटायची का?" असे विचारले तर म्हणतात, "कामाच्या वेळी नाही. झोपताना वाटायची." त्यांच्या हातात बंदूक नव्हती, अंगावर गणवेश नव्हता, आणि ज्यांच्यासाठी तेल चालले होते ते लोक टी.व्ही.वर बातम्या पाहत होते. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हूथींनी बोटींवर हल्ले सुरू केले आणि बोटी पुन्हा आफ्रिकेला वळसा घालू लागल्या, तेव्हा ती बातमी पाहून आजोबा म्हणाले, "हे आम्ही केलंय," आणि उठून ओटीवर गेले.

कोविडचे तर आपल्या सर्वांना आठवते. आपण घरात होतो. आमच्या वाडीतला एक जण त्या वेळी बोटीवर होता. त्याचा करार संपला, पण कोणतेच बंदर त्याला उतरू देईना. जगभर सुमारे चार लाख खलाशी असे बोटींवर अडकले होते. औषधे, धान्य, तेल त्यांच्याच बोटींतून येत होते, पण त्यांना जमिनीवर पाय ठेवायची बंदी. शेवटी १ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला की सर्व देशांनी खलाशांना अत्यावश्यक कामगार समजावे. म्हणजे संकट आले की खलाशी अत्यावश्यक. संकट सरले आणि खलाशी म्हातारा झाला की तो 'यात बसत नाही'.

परदेशांत काय झाले हे मी मुद्दाम पाहिले, कारण आपल्याकडे परदेशाचा दाखला दिल्याशिवाय कोणी ऐकत नाही. तिथेही फारसे भूषणावह नाही. ब्रिटिश खलाशाची बोट बुडाली की त्याच क्षणी त्याचा पगार थांबे. तो तराफ्यावर तरंगत असला तरी! ही रीत १९४१ साली बदलली. अमेरिकेने आपल्या महायुद्धकालीन खलाशांना माजी सैनिकांचा दर्जा दिला तो १९८८ साली, तोही न्यायालयात जाऊन. युद्ध संपून त्रेचाळीस वर्षे झाल्यावर. काँग्रेसचे सुवर्णपदक त्यांना द्यायचे ठरले २०२० साली, तेव्हा ते घ्यायला उरले होते किती? कॅनडात १९९२ साली कायदा झाला, तरीही जुनी भरपाई मिळेना म्हणून म्हातारे खलाशी १९९८ साली संसदेच्या पायऱ्यांपाशी उपोषणाला बसले आणि २००० साली ती मिळाली. ब्रिटनने ३ सप्टेंबर हा मर्चंट नेव्ही दिन २००० सालापासून पाळायला सुरुवात केली. उत्तर ध्रुवाकडच्या काफिल्यांतल्या माणसांना 'आर्क्टिक स्टार' दिला २०१३ मध्ये. सगळीकडे एकच गोष्ट: मान मिळतो, पण माणसे बहुतेक गेल्यावर. आपणही त्याच रांगेत आहोत, एवढेच की आपण अजून रांगेत उभेसुद्धा राहिलेलो नाही.

आणखी एक घर आहे जिथे ही सवलत पोचायला हवी, ते म्हणजे खलाशाची बायको. माझी आजी. लग्नानंतरच्या सदतीस वर्षांत आजोबा घरी किती दिवस होते याचा हिशेब तिने कधी केला नाही. मी तो वह्यांवरून करून दाखवला. तिने मधेच थांबवले, म्हणाली, "पुरे." खलाशी बोटीवर चढताना पगारातला काही भाग घरी पाठवण्याची सोय करून जातो, त्याला 'अलॉटमेंट' म्हणतात. दर महिन्याला मनिऑर्डर येई. पोस्टमन उशिरा आला की आजी खाडीकडे पाहत बसे, जणू पैसे तरीतून येणार. बाबांचा जन्म झाल्याचे आजोबांना डर्बनला कळले, तेव्हा बाबा सात आठवड्यांचे होते. शेतीची कामे, सासूचे आजारपण, मुलांची शाळा, भाऊबंदकीचा खटला, सारे तिने एकटीने निभावले. सैनिकाच्या विधवेला शासन ओळखते. खलाशाच्या बायकोला ओळखण्यासाठी शासनाजवळ शब्दच नाही. पलीकडच्या मोहल्ल्यात एक सारंगचाचा होते, आजोबांचे जुने सोबती. ते गेल्यावर चाचींना कागदपत्रांसाठी तीनदा मुंबईला जावे लागले. खलाशांसाठी कल्याण निधी आहे, फंडाचे कार्यालय आहे, पण ते मुंबईत. आणि खलाशी उतरून राहतो तो दाभोळला, जयगडला, बाणकोटला. आता बरेच काम संगणकावर होते म्हणतात. चाचींना तो लावता येत नाही, आणि त्यांच्या नवऱ्याच्या सी.डी.सी.वरचे नाव, आधारवरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव ही तीन वेगळी नावे आहेत. मुंबईचा कारकून तिघांना एकच माणूस मानायला तयार नव्हता.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. आजोबांना सैनिक म्हणू नका. ते स्वतःच तसे म्हणवून घेणार नाहीत. पण जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय आहे, तसे खलाशांसाठी निदान एक टेबल हवे. सागरी जिल्हे सातच आहेत, त्यात खजिना रिता होणार नाही. त्या टेबलावर बसलेल्याला सी.डी.सी. वाचता यायला हवी. खलाशाला आणि त्याच्या पत्नीला एक ओळखपत्र द्यावे, ज्यावर नावाचा घोळ एकदाच सुटेल. आणि ज्याने अमुक वर्षे बोटीवर काढली, आणि जो अधिकारी नव्हता, त्याला दरमहा थोडे तरी वेतन द्यावे. किती, ते जाणकारांनी ठरवावे. मी कलाशाखेची, माझे गणित कच्चे. पैसा कुठून आणायचा म्हणाल तर जगातल्या खलाशांत सुमारे दहांत एक आपला आहे आणि ही माणसे वर्षानुवर्षे देशात परकीय चलन आणीत आली आहेत. सागरी कामगारांचा जो आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला, त्याला भारताने २०१५ साली मान्यता दिली. त्यात सामाजिक सुरक्षेच्या नऊ बाबी सांगितल्या आहेत, वृद्धापकाळाचा लाभ ही त्यांतली एक. पण नऊपैकी किमान तीन दिल्या की करार पाळला असे होते. म्हातारपण त्या तिघांत धरायलाच हवे असे नाही. २०२५ साली संसदेने १९५८ चा जुना व्यापारी नौवहन कायदा बाजूला सारून नवा केला. कायदा नवा होत असताना आपल्या किनाऱ्यावरच्या किती जणांनी या म्हाताऱ्यांसाठी पत्र लिहिले? मीही लिहिले नाही. मला तेव्हा हे माहीतच नव्हते.

शासन करील तेव्हा करील. पण आपण इतिहास विभागाचे विद्यार्थी दरवर्षी प्रकल्पासाठी विषय शोधत सरांच्या मागे लागतो आणि शेवटी तोच तो किल्ला घेतो. किल्ले कुठे जात नाहीत. पण १९६०-७० च्या काळात बोटीवर चढलेली माणसे आता ऐंशीच्या आसपास आहेत. त्यांच्या वह्या पत्र्याच्या पेट्यांत आहेत; घर साफ करताना नातवंडे त्या रद्दीत घालतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. सारंग, टंडेल, सुकाणी, कसाब, तेलवाला या हुद्द्यांचा अर्थ सांगू शकणारी ही शेवटची पिढी. प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका तरी बोटवाल्याशी बोलून, त्याच्या वहीची नक्कल करून ग्रंथालयात ठेवली, तर पुढच्या वर्षीच्या अंकाला छापायला काहीतरी खरे मिळेल.

५ एप्रिलला महाविद्यालयात कार्यक्रम करावा, असा अर्ज मी दिला होता. सर म्हणाले, "कल्पना चांगली आहे, पण एप्रिलमध्ये परीक्षा असतात." त्यांचेही बरोबर आहे. पण हा आठवडा ३० मार्चला सुरू होतो, आणि त्या दिवशी परीक्षा नसते, हे मी वेळापत्रक पाहून ठेवले आहे. झेंडा कसा असतो ते आजोबांना ठाऊक आहे. कागद आणि रंग मी आणीन. आजोबा यायला तयार आहेत. त्यांची एकच अट आहे. या लेखात आधी मी त्यांना 'खलाशी म्हणून उतरले' असे लिहिले होते, ते त्यांनी वाचून घेतले आणि म्हणाले, "टंडेल लिही. शहाऐंशी साली बढती झाली होती. वहीत शिक्का आहे."